दांडीची रेती

माती खोटं बोलत नाही. मातीकाम शिकवण्यात माझी वीस-पंचवीस वर्षं गेली, आणि दर नव्या वर्गाची सुरुवात मी याच वाक्याने करत असे. वाक्य भारदस्त आहे. बायका गप्प होतात आणि पुढचा अर्धा तास सोपा जातो. खरं विचाराल तर माती सर्रास खोटं बोलते. भट्टीतून निघते तेव्हा तांबूस, ठणठणीत, टिचकी मारली तर खणखणणारी. आणि तिच्या पोटात काय होतं ते आठवड्याने कळतं. मला ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. वाक्य मात्र सोडलं नाही, कारण तितकं चांगलं दुसरं सुचलं नाही.

ते पहिलं वर्ष सत्तरच्या दशकाच्या अखेरचं. मुंबईच्या कलाशाळेत सिरॅमिक्स शिकून मी बोईसरला आले. पुढे माझी प्रदर्शनं व्हायला लागल्यावर माहितीपत्रकात ‘मातीच्या ओढीने त्या बोईसरला गेल्या’ असं छापून यायला लागलं. नवऱ्याची तारापूरच्या एका कारखान्यात बदली झाली होती, हे छापायला कुणालाच आवडत नसावं.

वर्ग भरायचा औद्योगिक वसाहतीच्या कडेला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. चार चाकं, मातीचे दोन हौद, आणि मागे मी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली विटांची, डिझेलवर चालणारी भट्टी. वर्ग सरकारी होता, ‘प्रायोगिक तत्त्वावर, एक वर्षासाठी’ मंजूर झालेला. वर्षाच्या शेवटी पालघरच्या ऑफिसातले साहेब काम बघायला येणार, आणि मग वर्ग कायम करायचा की बंद, हे ठरणार. बायका बारा. निम्म्या कामगारांच्या, सातारा-जळगावकडून आलेल्या. निम्म्या रुळांच्या पूर्वेकडच्या पाड्यांवरच्या.

पाड्यावरच्यांतल्या एकीबद्दल हे सगळं आहे. वय विशी-बाविशीचं, शिक्षण चौथी. लहानपणापासून दर दिवाळीनंतर ती घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर जायला लागली, कारण भट्टीवर जोडी लागते, एकटा माणूस घेत नाहीत. त्या वर्षी पावसाच्या तोंडावर परतली आणि माझ्या वर्गात आली. चाकावर माती मधोमध आणणं ही या कामातली पहिली आणि सगळ्यांत छळणारी पायरी. मला कलाशाळेत ती यायला सहा महिने लागले होते. हिला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी ती शेजारणीच्या चाकाकडे बघून म्हणाली, “जोर नको लावू ग. ती काय पलून चाललीय?” यापेक्षा चांगलं शिकवणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

तेव्हाच मी ठरवलं की वर्ग कायम झाला तर हिला मदतनीस शिक्षिका म्हणून घ्यायचं. तिला तसं सांगितलंही. नको होतं सांगायला. कारण तिने ते घरी सांगितलं, आणि तिच्या नवऱ्याने अट घातली: सरकारी कागद हातात आला तर दोघंही इथेच राहू, तो वसाहतीत हमाली बघेल. कागद नाही आला तर दिवाळीनंतरच्या सोमवारी दुपारी बाराला पाड्याच्या फाट्यावर मुकादमाचा ट्रक येतो, त्यात दोघांनी बसायचं. साहेबांची भेट ठरली त्याच्या आधीच्या शनिवारी.

आता रेतीचं. आमची माती पालघरजवळच्या एका तळ्यातली, चिकट. नुसती वापरली तर वाळताना तडकते, म्हणून तिच्यात रेती मिसळतात. सगळे वैतरणेची रेती घेत, मीही घ्यायची. पण भादव्यात एका रविवारी मी आणि नवरा बोईसरजवळच्या दांडी गावी, समुद्रावर गेलो होतो, आणि तिथली किनाऱ्यावरची बारीक, फिकट रेती बघून माझ्यातली कलावंत जागी झाली. स्थानिक समुद्र, स्थानिक माती, स्थानिक हात असलं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. मासळी वाळत घालणारी एक म्हातारी माझ्या पिशव्या बघत होती.

“रेती कंला नेतंस, बाय? घर बांदतंस काय?”

“नाही हो, मडक्यांत घालायला.”

तिने शेजारणीकडे बघितलं. मी वळल्यावर दोघी हसल्या.

खारटपणा जावा म्हणून मी ती रेती तीन पाण्यांनी धुतली. त्या धुण्याचा मला फार अभिमान होता. तिच्यात शिंपल्यांचा चुरा आहे हे मला दिसत होतं. दिसायला सुंदर होता.

साहेबांच्या भेटीसाठी बायकांनी सगळी भांडी याच मातीत केली: कुंड्या, वाडगे, झाकणाचे डबे, छत्तीस नग. दर भांड्याच्या बुडाशी करणारणीने आपलं नाव कोरायचं, हा माझा नियम. कलाशाळेत तसंच शिकवतात. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना मी त्यासाठी नाव लिहायला शिकवलं. तिने एक फुलदाणी केली होती, दीड वीत उंचीची, खांद्यात भरलेली आणि मानेत बारीक. ती साहेबांना भेट द्यायची ठरली.

बुधवारी पहाटे भट्टी पेटवली. संध्याकाळी सहाच्या सुमारास भोकातून बघितलं तर आतला शंकू वाकला होता, म्हणजे हवी ती आच लागली होती. बर्नर बंद केले, भोकं लिंपली. आता शनिवारपर्यंत निवू द्यायचं आणि साहेबांच्या हस्ते दाराची पहिली वीट काढायची. नारळ, हार, सगळं ठरलेलं.

गुरुवारी सकाळी घरी चहा घेताना खिडकीपाशी ‘टक’ असा आवाज झाला. पाल पडली असेल असं वाटलं. दिवाळीसाठी मी त्याच मातीच्या सहा पणत्या शेडमधल्या चाचणीच्या छोट्या भट्टीत भाजल्या होत्या, त्या खिडकीत ठेवल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या कडेचा नखाएवढा टवका उडून खाली पडला होता आणि जिथून उडाला तिथे पांढरा ठिपका होता. मी पणती हातात घेतली. हातात असतानाच तिचा दुसरा टवका उडाला.

मी तशीच शेडवर गेले आणि पणती तिच्यापुढे धरली. तिने पांढरा ठिपका नखाने खरवडला आणि जिभेला लावला.

“चुना हाय बाई. रेतीत काय व्हतं?”

“शिंपले.”

“आनि तुमी धुतली म्हनं ती. तीन पान्यांनी.”

मग तिने मला समजावून सांगितलं. वीटभट्टीवर मातीत चुनखडीचे खडे आले की असंच होतं. भाजल्यावर खड्याचा कळीचा चुना होतो. वीट चांगली दिसते, पण हवेतला ओलावा हळूहळू आत शिरतो, चुना फुगतो आणि वीट फुटते. समुद्राकाठच्या हवेत लवकर. मला हे रसायनशास्त्र कलाशाळेत शिकवलं होतं. मी त्यात चांगले गुण मिळवले होते.

“मग तुम्ही काय करता?”

“भट्टीतनं काडली का लगेच पान्यात बुडवायची. भरपूर. चुना आतल्या आत मरतो. थोडंसं पानी लागलं तर वंगाल, जादा फुटतं. बुडवायची म्हनजे बुडवायची.”

“आणि बुडवून तडकली तर?”

“तडकतात की काय काय,” ती म्हणाली.

तो दिवस आणि शुक्रवार मी जे विचार केले ते लिहायला बरे वाटत नाहीत, पण लिहिते. पणतीला फुटायला आठ-नऊ दिवस लागले होते. म्हणजे शनिवारी भांडी उत्तम दिसणार. साहेब बघणार, खूष होणार, सही करणार. नंतर त्यांच्या कपाटावर काय फुटायचं ते फुटो. सही फुटत नाही. उलट सगळ्यांसमोर भांडी पाण्यात बुडवली आणि त्यांतली चार-पाच तडकली, तर साहेबांच्या डोळ्यांदेखत वर्गच तडकला. आणि सोमवारी ट्रक.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिला म्हणाले, “आपण शनिवारी काही बोलायचं नाही. पाणीबिणी नको. कागद येऊ दे, मग बघू.”

ती हात धूत होती. तिने बराच वेळ हात धुतले.

“बाई, विटेवर कुनाचं नाव नसतं. फुटली तर मुकादम समद्यांना वरडतो आनि गप ऱ्हातो. ह्याच्या बुडाशी माजं नाव लिवायला लावलंत तुमी.”

“अगं, पण ट्रक...”

“ट्रकात बसायचं तर मीच बसनार हाय ना? तुमी नाय.”

आम्ही दोन पिंपं धुऊन भट्टीपाशी आणली आणि विहिरीच्या पाण्याने भरली.

शनिवारी साहेब अकराचे साडेबाराला आले. नारळ पहिल्या फटक्याला फुटला नाही, दुसऱ्याला फुटला. साहेबांनी दाराची पहिली वीट काढली, टाळ्या झाल्या, आणि मग त्यांनी हात झटकत दहा मिनिटं भाषण केलं. त्यात मोहेंजोदडो दोनदा आलं. इकडे बायकांनी उरलेल्या विटा काढल्या. आतून ऊब आली. भांडी एकसारखी तांबूस, कुठे एक डाग नाही. मला वाटलं, अजूनही गप्प बसता येईल.

तिने पहिला वाडगा उचलला आणि पिंपात बुडवला. बुडबुड्यांचा आवाज झाला. दुसरा. तिसरा. बाकीच्या बायका रांगेने भांडी देत होत्या. सगळ्यांना कारण माहीत होतं आणि कुणी तोंड उघडत नव्हतं. सातव्या की आठव्या भांड्याला पाण्याखालून बारीक ‘चट’ ऐकू आलं. तिने ते वर काढलंच नाही, तळाशी सोडून दिलं आणि पुढचं घेतलं. असं चार वेळा झालं. मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“अरे वा,” साहेब म्हणाले. “भट्टीतून आलेल्या भांड्याला स्नान घालण्याची परंपरा इथे आहे तर! किती जुनी असेल, मॅडम?”

परवाची, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “बरीच असावी.”

शेवटी फुलदाणी आली. ती बुडवायला तिने दोन्ही हातांनी उचलली, तेवढ्यात साहेबांनी हात पुढे केला. “ही माझी ना? मग ओली नको. गाडीच्या सीटवर ठेवायची आहे.”

“सायेब, एकच डाव...”

“नको नको. कोरडीच द्या. तुमच्या प्रकरणाचं सोमवारी सकाळी कळेल.”

आणि फुलदाणी कोरडीच गेली. बुडाशी तिचं नाव, पोटात दांडीचे शिंपले.

रविवारी ती माझ्या घरी आली. आत येईना, पायरीवरच बसली. “आज फुटली नसंल,” ती म्हणाली. “पन थांबायला नको. पानी द्यायलाच पायजे.”

“तुझ्या नवऱ्याला सांगितलंस?”

“सांगितलं. म्हनला, मडक्याला पानी दे नायतर दूद दे, बाराला मी ट्रकापाशी हाय.”

सोमवारी सकाळी आठच्या एस.टी.ने आम्ही पालघरला गेलो. तिच्या मांडीवर माझी बादली होती. कंडक्टरने विचारलं, “दुधाची का?” ती म्हणाली, “नाय, रिकामी.” त्याने पुढे विचारलं नाही.

ऑफिस उघडलं होतं, साहेब आले नव्हते. शिपाई टेबलं पुसत होता. साहेबांच्या खोलीत, फायलींच्या कपाटावर, फुलदाणी उभी होती. तिच्यात प्लास्टिकचे गुलाब खोचले होते.

“फुलदाणी धुवायची राहिली होती,” मी म्हणाले. “पाच मिनिटांचं काम आहे.”

“साहेबांच्या वस्तूला हात लावायचा नाही.”

“अहो, आम्हीच केलीय ती.”

“केली असेल. आता ती सरकारी आहे.”

तिने त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला म्हणाली, “दादा, ती कपाटावर फुटली ना, तं झाडायला कोनाला लागनार?”

शिपायाने कपाटाकडे बघितलं, मग खालच्या फरशीकडे, मग घड्याळाकडे. “नळ मागे आहे,” तो म्हणाला. “साहेब साडेनवाला येतात.”

बादली आम्ही खोलीतच आणली, कारण फुलदाणी बाहेर न्यायला त्याने परवानगी दिली नाही. तिने गुलाब काढून टेबलावर ठेवले आणि फुलदाणी हळूहळू पाण्यात उतरवली. मानेपर्यंत गेल्यावर आत पाणी शिरलं आणि मोठा बुडबुडा आला. मग बारीक बुडबुड्यांची रांग सुरू झाली. आम्ही दोघी बादलीपाशी उकिडव्या बसून ऐकत होतो. ‘चट’ झालं असतं तर संपलंच होतं. साडेनवाला सहा मिनिटं होती. बुडबुडे थांबेपर्यंत काढायची नाही, असं ती म्हणाली होती, आणि बुडबुडे थांबत नव्हते.

साहेब त्या दिवशी वेळेआधी आले.

“हे काय चाललंय?”

शिपाई म्हणाला, “साहेब, मी नाही म्हणत होतो.”

मी उठले. तोंडाशी ‘परंपरा’ हा शब्द आला होता. मी तो उच्चारायच्या आत ती बोलली. ती उठली नाही, कारण तिचा हात फुलदाणीवर होता.

“सायेब, ही फुटनार व्हती. बाईंनी मातीत शिंपल्याची रेती घातली. त्याचा चुना झाला. शनवारी पानी द्यायचं व्हतं, तुमी कोरडी नेली.”

साहेब टेबलाला वळसा घालून आले आणि बादलीत वाकून बघायला लागले.

“म्हणजे परवाचं ते स्नान...”

“पानी देत व्हतो सायेब. चार फुटली.”

“तुला कुणी शिकवलं हे? मॅडमनी?”

“नाय. वीटभट्टीवर.”

साहेब खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता आमच्या फायलीवर काय लिहितील ते लिहितील. त्यांनी तिला विचारलं, “भिंतीच्या गिलाव्याला फोड येतात, तेही यानेच?”

ते आधी बांधकाम खात्यात होते, दूरच्या एका जिल्ह्यात. तिथे एका नव्या इमारतीच्या गिलाव्याला पहिल्याच वर्षी पांढऱ्या ठिपक्यांचे फोड आले, कंत्राटदार म्हणाला हवामान, चौकशी झाली आणि हवामानावर शिक्कामोर्तब झालं. साहेबांना ते पटलं नव्हतं, पण दुसरं कारणही सापडलं नव्हतं. पुढची दहा मिनिटं त्यांनी तिला गिलाव्याबद्दल प्रश्न विचारले. चुना आधी किती दिवस भिजवायचा, खडे कसे ओळखायचे, चाळणी किती बारीक. ती एकेका वाक्यात उत्तरं देत होती आणि मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. बुडबुडे थांबल्यावर तिने फुलदाणी बाहेर काढली आणि बोटाने टिचकी मारली. आवाज जरा बसका होता, पण फुटका नव्हता.

“साहेब, वर्गाचं काय?” मी विचारलं. “तिला बाराच्या आत कळायला हवं.”

“वर्गाचं काय म्हणजे?” साहेब म्हणाले. “आदेश शुक्रवारीच निघालाय. मी सही करूनच शनिवारी आलो. भेट म्हणजे... कार्यक्रम असतो तो.”

मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्यांनी फाईल मागवली. वर्ग कायम. पदं दोन: निदेशिका, एक, त्यावर माझं नाव. तिच्यासाठी मी मागितलेलं मदतनीस शिक्षिकेचं पद नामंजूर, कारण मदतनीस शिक्षिका किमान दहावी हवी. दुसरं पद होतं अर्धवेळ सफाई कामगाराचं. त्याला शिक्षणाची अट नव्हती, आणि पुढे नावाची जागा कोरी होती.

“इथे हिचं नाव टाकू?” साहेबांनी विचारलं. “तुम्ही तिच्याकडून काय काम घेता ते आम्ही बघायला येत नाही.”

मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, “शिक्का मारता ना सायेब, त्याच्यावर?”

“मारतो की.”

“मंग टाका.”

परतीची एस.टी. पावणेबाराला तिच्या पाड्याच्या फाट्यावर थांबली. ट्रक आलेला होता. माणसं, भांडी, गोधड्या, कोंबड्या, सगळं वर चढलं होतं आणि तिचा नवरा मागच्या फळीला टेकून उभा होता. त्यांचं बोचकं वर गेलं होतं. तिने कागद त्याच्यापुढे धरला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने तो उलटसुलट केला.

“शिक्का खंय हाय?”

तिने बोट ठेवलं. त्याने थोडा वेळ शिक्क्याकडे बघितलं आणि मग ट्रकवर चढून बोचकं खाली फेकलं. मुकादम ओरडायला लागला, जोडी कमी झाली म्हणून. तो ओरडत असतानाच ट्रक निघाला.

पुढे नव्वदच्या दशकात वर्ग बंद होईपर्यंत तिथल्या प्रत्येक बाईला चाकावर माती मधोमध आणायला तिने शिकवलं, आणि हजेरीपत्रकात दर महिन्याला ‘अर्धवेळ सफाई कामगार’ या रकान्यात सही केली. शेड रोज मी झाडत असे. कोपरे राहतात, अशी तिची तक्रार होती.